आंबोलीत पुस्तक संपलं

शिरोड्याहून येऊन आज अठरा दिवस झाले. पिशवीच्या शिवणीत अजून वाळू सापडते. वन्संनी घेतलेली कोकमं बरणीत गेली, फोटो सगळ्या नात्यागोत्यात फिरून झाले. समुद्राची आठवण मला फारशी येत नाही. येते ती त्या चार दिवसांत वाचलेल्या पुस्तकाची, आणि त्याहून जास्त हुरहूर लागली आहे ती अजून न सापडलेल्या पुढच्या पुस्तकाची.

पुस्तकाचं नाव मी इथे लिहीत नाही. नाव लिहिलं की सगळं बोलणं त्या पुस्तकावर जाईल, आणि मला बोलायचंय ते संपल्यावर काय होतं त्याबद्दल. एवढं सांगते की पाचशे ऐंशी पानांची जुनी कादंबरी होती. दुष्काळी मुलखातलं एक घर तीन पिढ्या एकच विहीर खणत राहतं, त्याची गोष्ट. आमच्या कोल्हापुरातल्या, भवानी मंडपाजवळच्या करवीर नगर वाचन मंदिरातून आणली होती. ग्रंथालय १८५० सालचं. आमच्या घरात वडिलांपासून तिथलं सभासदत्व आहे. बाइंडिंग दुसऱ्यांदा केलेलं, पानांच्या कडा चहाच्या रंगाच्या, आणि मधल्या एका पानावर कुणीतरी पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलेलं, ‘इथे थांबले’. कोण थांबलं, का थांबलं, देव जाणे. मीही त्या पानावर थांबले होते.

गौरी-गणपती आटोपले आणि पितृपंधरवड्यात खोल्या स्वस्त मिळतात म्हणून मी, वन्सं आणि त्यांची लेक अशा तिघी निघालो. शिरोड्याचे चार दिवस छान गेले. सुरूच्या बनातून वेळागरच्या किनाऱ्यावर चालणं, बांगडा, सोलकढी, एकदा रेडीचा गणपती. १९३० साली मिठाचा सत्याग्रह झाला ती मिठागरं पावसाळ्यामुळे नुसतीच पाण्याखाली होती. बाकी सांगण्यासारखं काही नाही.

सांगायचंच झालं तर उतरलो होतो त्या खोलीतल्या उजेडाबद्दल सांगते, कारण त्याचा राग अजून गेलेला नाही. यजमान भले लोक. जेवण सुग्रास, आग्रह असा की ताटातला भात संपेचना. पण खोलीत दिवा एकच, तोही दाराच्या वर. पलंगाच्या उशाशी झिरोचा निळा बल्ब. रात्री माणूस फक्त झोपतो, दुसरं काही करत नाही, असं गृहीत धरून ही खोली बांधली होती. आणि हे फक्त तिथलं नाही. गेल्या दहा वर्षांत मी जिथे जिथे मुक्काम केला, तिथे भिंतीएवढा टीव्ही होता, केटल होती, आरशाला चारी बाजूंनी दिवे होते, पण उशाशी वाचण्यापुरता उजेड कुठेच नव्हता. शेवटी मी ओटीवरच्या पायरीवर बसून वाचलं. डास चावले, पाय सुजले. तरी त्या पायरीवर अडीचशे पानं झाली आणि ती माझ्या आयुष्यातल्या उत्तम अडीचशे पानांत मोजीन. आता ठरवलंय, पुढच्या प्रवासात कपड्यांचा एक जोड कमी घेईन, पण नऊ वॅटचा बल्ब आणि होल्डरची वायर सोबत नेईन.

शेवटची चाळीस पानं मी मुद्दाम राखून ठेवली. वन्सं म्हणाल्या, “संपव की गं, कशाला अडवून ठेवलंयस?” मी म्हटलं, घाटात वाचीन. वि. स. खांडेकर १९२० पासून १९३८ पर्यंत शिरोड्यात शिक्षक होते आणि तिथून कोल्हापूरला आले, ते कायमचेच. शाळेत असताना हे वर्ष आम्ही नुसतं पाठ केलं होतं. या खेपेला परत निघताना पहिल्यांदा मनात आलं, की घाटाखालचं सगळं सोडून वर येताना त्यांनी वाचायला काय घेतलं असेल?

सावंतवाडीला कोल्हापूरची एसटी मिळाली. वन्सं आणि भाची पुढच्या सीटवर बसल्या आणि दाणोली यायच्या आत झोपल्या. माझ्या शेजारची जागा रिकामी. आंबोली घाटात धुकं असं दाट, की ड्रायव्हर दिवे लावून हॉर्न वाजवत चालला होता. खिडकीतून बघण्यासारखं काही उरलंच नव्हतं, सगळं पांढरं. मी चाळीस पानं काढली. वाटलं होतं आजऱ्यापर्यंत पुरतील. पुरली नाहीत. घाट चढून बस आंबोलीला थांबली, लोक मक्याची कणसं घ्यायला उतरले, आणि माझं शेवटचं पान झालं.

मी रडले. धाकटी सून रहाटावरून पहिली घागर ओढते आणि तिच्या मनात थोरली येते, सात उन्हाळे डोक्यावरून मातीच्या बुट्ट्या वाहिलेली, आणि एका रात्री कुणाला न सांगता निघून गेलेली. थोरली परत येत नाही. पाणी लागल्याचं तिला कधी कळलं की नाही, तेही लिहिलेलं नाही. पुस्तक मिटून मी मांडीवर ठेवलं. पुढे तीन तास प्रवास, आणि वाचायला एक अक्षर नाही.

ज्यांना ही सवय नाही त्यांना हे कळणार नाही. ती भूक नव्हे. भूक लागली की काहीही चालतं. हे असं, की घरात चार दिवस राहिलेली माणसं गेली, त्यांची अंथरुणं अजून घडी करायची आहेत, आणि लगेच दुसरं कुणी दारात यावंसं वाटतंय, पण कुणीही नको, तशीच माणसं हवीत.

आजऱ्याला बस दहा मिनिटं थांबली. मी धावत उतरले. पूर्वी प्रत्येक मोठ्या स्टँडवर पुस्तकांचा एक गाळा असायचा. बाहेर मासिकं दोरीला लटकलेली, आत चार कादंबऱ्या तरी. आता एका टपरीवर बिस्किटांच्या मागे पोलीस भरतीची गाईडं, तलाठी परीक्षेची प्रश्नसंचं, राशिभविष्य आणि पाणीपुरीच्या मसाल्याची पाकिटं. भरतीची पुस्तकं असावीतच, पोरं त्यावर दिवस काढतात. पण एक गोष्टीचं पुस्तक नाही? एवढ्या मोठ्या तालुक्याच्या गावात, दिवसभर एसट्या येता-जाता, माणसं तासन्‌तास बाकड्यावर बसलेली, आणि त्यांच्यासाठी एकही गोष्ट नाही? मी रिकाम्या हाताने परत आले.

आले तर माझ्या शेजारी एक आजी बसलेल्या. पायाशी तांदळाचं गाठोडं. आजरा घनसाळ, वास बसभर. या तांदळाला भौगोलिक मानांकन वगैरे मिळालंय, आजी मात्र म्हणाल्या, “लेकीला न्हेतोय निपानीला. घरचा हाय.” आमच्याकडे बायका ‘नेतो, येतो’च म्हणतात. बाहेरच्यांना गंमत वाटते, मला ते ऐकलं की घर आल्यासारखं वाटतं. मग त्यांनी माझ्या मांडीवर बघितलं.

“संपलं व्हय?”

“हो आजी. आत्ताच.”

“डोळं लाल झाल्यात तुझं. काय हाय त्यात?”

मी म्हटलं, विहिरीची गोष्ट आहे. एका घराची.

“मग सांग की. मला वाचाया येत न्हाई, ऐकाया येतंय.”

आणि मी सांगत गेले. आजऱ्यापासून उत्तूर, उत्तूरपासून पुढे. आधी मी भराभर सांगत होते, कुणी एखाद्या सिनेमाची गोष्ट उरकून टाकावी तशी. आजींनी ते चालू दिलं नाही. पाणाड्या कुठल्या दिशेनं आला, त्यानं नारळ हातावर धरला का फाटा, खडक काळा का मांजऱ्या, सुरुंग लावताना गुरं कुठे नेऊन बांधली, असं सगळं विचारलं. यातलं निम्मं पुस्तकात होतं आणि मी वाचताना त्यावरून नुसतीच पुढे गेले होते, ते तेव्हा आठवलं. “आमच्या हिरीला बावीस हातावर पानी लागलं,” आजी म्हणाल्या. “सासऱ्यानं आख्ख्या गल्लीला गूळ वाटला.” सासऱ्याबद्दल त्या आणखी काही बोलल्या नाहीत.

थोरली निघून जाते तो भाग सांगताना त्यांनी पदर तोंडाशी धरला. मागच्या सीटवरचा कॉलेजचा मुलगा कानातली वायर काढून ऐकत होता, हे मला नंतर कळलं. कारण मी एका ठिकाणी चुकले, आणि तो म्हणाला, “मावशी, मघाशी तर दीर मोठा म्हणालात.”

निपाणीच्या पाट्या दिसायला लागल्या, मराठीच्या जागी कानडी अक्षरं आली. मी घाई केली. कातळ फुटला, झरा लागला, धाकटीने घागर सोडली. बस स्टँडात वळली. आजी गाठोडं उचलता उचलता म्हणाल्या, “आनि थोरली? ती आली का माघारी?”

मी तोंड उघडलं तोवर कंडक्टर ओरडला, “निपाणी, निपाणी, चला आटपा!”

आजींनी माझ्या हातावर हात ठेवला. “ऱ्हाऊ दे. नगं सांगू. आली असनार. सात उन्हाळं माती वाहिली न्हवं तिनं? मग पानी बगाया येनारच की.”

आणि उतरल्या. त्या मुलानं गाठोडं खाली दिलं. खाली त्यांची लेक उभी होती, तिच्याशी त्या बोलायलाही लागल्या. खिडकीकडे त्यांनी वळून बघितलं नाही.

निपाणीपासून कागल, गोकुळ शिरगाव, कोल्हापूरचा सीबीएस स्टँड, सगळा रस्ता मी पुस्तकावर हात ठेवून बसून होते. मघाशी ज्या शेवटासाठी मी रडले होते, तो शेवट खरा वाटेनासा झाला होता. लेखकाचं चुकलं असं मुळीच म्हणत नाही. त्यानं लिहिलं ते त्याच्या ठिकाणी पक्कंच आहे. पण आजींची थोरली परत येऊन विहिरीच्या काठाशी उभी होती, आणि ती मला त्या पाचशे ऐंशी पानांत कुठेच सापडणार नव्हती.

घरी आलो. आधी तांबडा-पांढरा झाला, कारण चार दिवसांच्या माशांनंतर आमच्या घराला त्याशिवाय चैन पडत नाही. दुसऱ्या दिवसापासून मी शोध सुरू केला. ऑफिसातल्या मैत्रिणीने एक दिलं, सगळे वाचतायत म्हणाली. तीस पानांत लेखिका तीनदा मला काय वाटायला हवं ते सांगून गेली, मी बंद केलं. घरातलं, कधीचं राहून गेलेलं एक काढलं. चांगलं आहे, पण थंड आहे, त्यातल्या कुणाच्याच हाताला माती नाही. फोनवर एक वाचून बघितलं. दर दोन पानांनी कुणाचा तरी सुप्रभात येतो. चौथ्याचं पहिलं प्रकरण वाचताना मी मनात भाजीचा हिशोब करत होते, तेव्हाच ते गेलं. ‘वाचलीच पाहिजेत अशी दहा’ असल्या याद्या मी या अठरा दिवसांत इतक्या वाचल्या, की तेवढ्यात एक कादंबरी झाली असती. त्या याद्या करणाऱ्यांना मी कुठून परत आले आहे ते माहीत नसतं.

वन्सं म्हणाल्या, “तेच परत वाच की.” मी उघडलं. पेन्सिलीच्या ‘इथे थांबले’पर्यंत गेले आणि मिटलं. आजींचा आवाज त्यात शिरला होता, अक्षरं पुढे सरकेनात.

काल पुस्तकाची मुदत संपत होती. नवरात्र चालू आहे, अंबाबाईच्या दर्शनाची रांग पार बाहेरपर्यंत, भवानी मंडपात पाय ठेवायला जागा नाही. ओटीची ताटं, वेण्या, लहान मुलं खांद्यावर. त्या गर्दीतून पुस्तक पोटाशी धरून मी वाचन मंदिरात पोचले. आत शिरले आणि आवाज मागे राहिला. दोन आजोबा वर्तमानपत्र वाचत होते. काउंटरवरच्या ताईंनी पुस्तक घेतलं, मागची चिठ्ठी बघितली, शिक्का मारला. मला उगाचच वाटलं, की ‘जरा जपून ठेवा’ म्हणावं.

“दुसरं कुठलं देऊ?”

याआधी मी लेखकाचं नाव सांगायची, नाहीतर स्वतः कपाटापाशी जायची. काल तोंडातून निघून गेलं, “ज्यात सोडून गेलेली बाई परत येते, असं आहे का काही?”

ताई हसल्या नाहीत. पेन तसंच हातात धरून त्यांनी खरोखर विचार केला. मग उठून आतल्या कपाटांत गेल्या. बराच वेळ आल्या नाहीत. आल्या त्या एक पातळ, निळ्या पुठ्ठ्याचं पुस्तक घेऊन, धूळ पदराने पुसत.

“सून नाही यात,” म्हणाल्या. “लेक आहे. पण येते.”

म्हणजे त्यांनी माझ्याकडचं पुस्तकही वाचलं होतं.

घरी जायला धीर निघेना. रंकाळ्याच्या कट्ट्यावर, भेळेच्या गाड्यांपासून जरा लांब बसून दिवे लागेपर्यंत वाचलं. सोळा पानं झाली आहेत. लेक अजून घर सोडून गेलेलीच नाही.