खिडकीतल्या बायका

वैशाखातली कलती दुपार. गल्लीच्या तोंडाशी बँडचा पहिला ठेका पडला आणि आमच्या अख्ख्या बिल्डिंगची दारं धडाधड उघडली. लग्न कोणाचं, नवरा कुठला, कोणाला काही पत्ता नाही. पण वरात म्हटल्यावर घरात कोण बसतं! मी ओल्या केसांना पंचा गुंडाळून गॅलरीत. समोरच्या वहिनी आल्या त्या एका हाताची बोटं फाकवून. त्या हाताला नेलपॉलिश, दुसरा हात कोरा. खाली घोडीवर घामाने डबडबलेला नवरदेव राहिला बाजूला, मी वहिनींकडेच बघत बसले. ह्या बाईला मी वाचलंय!

कालिदासाच्या रघुवंशाचा सातवा सर्ग. स्वयंवर आटोपलंय आणि राजकन्या इंदुमतीला घेऊन राजपुत्र अज विदर्भाच्या राजधानीत शिरतोय. ती राजधानी म्हणजे आमच्या अमरावती जिल्ह्यातलं कौंडण्यपूर असं आमच्याकडे सगळे मानतात, त्यामुळे ह्या सर्गावर माझा जरा माहेरपणाचा हक्क आहे. तर नवरदेव आला म्हणताच गावातल्या बायका हातातलं काम टाकून खिडक्यांकडे धावतात. एकीचा अंबाडा धावताना सुटतो, फुलं गळतात, ती केस नुसते मुठीत धरून पळते, बांधायचं भानच नाही. दुसरी अळता लावणाऱ्या दासीच्या हातातून पाऊल ओढून घेते आणि खिडकीपर्यंत लाल पावलं उमटवत जाते. तिसरीच्या उजव्या डोळ्यात काजळ पडलंय, डावा तसाच, आणि काजळाची काडी हातातच. माझी लाडकी मात्र मेखला, म्हणजे कमरपट्टा, ओवत बसलेली ती. दोरा पायाच्या अंगठ्याला अडकवलाय, अर्धे मणी ओवून झालेत, आणि ही उठून पळते. पावलागणिक मणी सांडत जातात. खिडकीशी पोचते तेव्हा अंगठ्याला नुसता दोरा.

तो दोरा ज्याला दिसला त्याला माझा साष्टांग नमस्कार.

आता गंमत अशी, की ह्याच बायका कालिदासाच्याच कुमारसंभवाच्या सातव्या सर्गातही आहेत. तिथे गाव हिमालयाचं ओषधिप्रस्थ आणि नवरदेव साक्षात शंकर. पण तोच सुटलेला अंबाडा, तोच ओला अळता, तोच दोरा. श्लोकच्या श्लोक अक्षरशः तेच. ह्यावर विद्वानांनी पुष्कळ डोकं खाजवलंय: आधी कुठे लिहिलं, नंतर कुठे घातलं, का कोणी मागाहून घुसडलं. मला ह्यात कोडं दिसत नाही. त्याला त्या बायका आवडल्या होत्या. एकदा जमलेली भाजी पाहुणे बदलले की आपणही पुन्हा करतोच की.

मला खोड आहे. वाचताना एखादी ओळ ओळखीची वाटली की समासात पेन्सिलने बारीक फुली मारायची. पुस्तक लायब्ररीचं असलं तरी. ह्यावरून बोलणी खाल्ली आहेत, खोड गेलेली नाही. बाकीच्यांना पुस्तकात नवं काही सापडलं की आनंद होतो. मला जुनं सापडलं की होतो. हा रोग बहुधा श्रावणातल्या रविवारी जडला.

आजी आदित्यराणूबाईची कहाणी वाचायची. आम्ही पोरं मुठीत तांदळाचे दाणे धरून ओळीने बसलेलो, कारण हात रिकामा ठेवून कहाणी ऐकायची नसते. दाणे घामाने तळहाताला चिकटायचे. 'आटपाट नगर होतं' म्हटलं की अंग सैल पडायचं. मग वसा विचारायचा प्रसंग. 'उतशील, मातशील, घेतला वसा टाकून देशील.' ह्यावर आम्ही सगळे एका सुरात: 'उतत नाही, मातत नाही, घेतला वसा टाकत नाही!' पुढे दरिद्री झालेल्या बहिणीची मुलं एकेक करून श्रीमंत मावशीकडे जातात. दर वेळी त्याच दासी, तेच परसदार, तेच न्हाऊ घालणं, माखू घालणं. मावशी कधी कोहळ्यात मोहरा भरून देणार, कधी काठीत; वाटेत सूर्यनारायण ते काढून घेणार, आणि मुलगा घरी येऊन आईला तेच सांगणार: दैवानं दिलं, कर्मानं नेलं. आजीचं दूध गॅसवर असलं की ती मधला एखादा मुलगा गाळायची. आम्ही लगेच ओरडायचो. गोष्ट पाठ होती, शेवट ठाऊक होता, तरी तो मुलगा परसदाराने आत गेल्याशिवाय पुढे जायचं नाही म्हणजे नाही. आजी कपाळाला हात लावायची आणि पुन्हा मागे जायची. दूध उतू जायचं. धाकट्या भावाची बॅट हरवली तेव्हा तो रडला नाही. दारात उभा राहून गंभीरपणे म्हणाला, 'दैवानं दिलं, कर्मानं नेलं.'

तिकडे ग्रीक महाकवी होमरची पहाट उगवते ती दर वेळी गुलाबी बोटांचीच. मिल्मन पॅरी नावाचा अमेरिकन अभ्यासक १९३३ ते १९३५ दरम्यान युगोस्लाव्हियात जाऊन तिथल्या गाणाऱ्यांची गाणी ध्वनिमुद्रित करून आला. जो उभ्या उभ्या हजारो ओळी रचतो त्याला वृत्तात बसणारे तयार तुकडे जवळ लागतातच, असं त्याचं म्हणणं. पटतं. पण कालिदासाला ही सवलत कशी द्यायची? तो काही जात्यावर बसून ओव्या म्हणत नव्हता.

शिवाय खिडकी मुळात त्याची नव्हेच. त्याच्याही आधीच्या मानल्या जाणाऱ्या अश्वघोषाच्या बुद्धचरितात, तिसऱ्या सर्गात, राजपुत्र सिद्धार्थ रथातून बाहेर पडतो आणि कपिलवस्तूच्या बायका अशाच धावतात. कोणी झोपेतून उठलेली, कोणाची मेखला सुटून पायात येतेय. जिन्यावरच्या पावलांनी आणि पैंजणांनी घरातले पाखरांचे थवे बिचकतात. खिडकीत इतकी दाटी, की कुंडलं एकमेकींना घासतात. सगळा थाट वरातीचा. आणि त्याच रस्त्यावर पुढे सिद्धार्थाला पहिल्यांदा म्हातारा माणूस दिसतो.

हे वाचल्यापासून मला रघुवंशातल्या बायकांची धास्ती वाटते. त्या बघून हसतात, नवरानवरी शोभतात म्हणतात, आणि आठव्या सर्गात आकाशातून नारदाच्या वीणेवरची माळ पडते आणि इंदुमती जाते. तिचा तो नवरा 'गृहिणी सचिवः सखी मिथः', माझी घरधनीण, सल्लागार, एकांतातली सखी, म्हणत रडत बसतो. कुमारसंभवात त्याच बायका, तेच श्लोक, पण तिथला नवरा मृत्युंजय. तिथे मणी सांडले तरी सांडू देत. इथे ते सांडताना बघवत नाहीत.

पण माझी सगळ्यांत ठळक फुली ह्यांतल्या एकाही श्लोकापाशी नाही. ती गीतेच्या दुसऱ्या अध्यायात आहे. 'न जायते म्रियते वा' ह्या श्लोकाची शेवटची अर्धी ओळ, 'न हन्यते हन्यमाने शरीरे', जशीच्या तशी कठोपनिषदात आहे. शेजारचा, 'नायं हन्ति न हन्यते'वाला श्लोकही निम्मा तिथलाच. तिथे ते सांगतो यम, नचिकेत नावाच्या पोराला. पोराने मरणानंतरचं विचारलंय. हत्ती, घोडे, सोनं, राज्य सगळं नाकारून विचारलंय, आणि ज्याच्या हातात मरण आहे तोच उत्तर देतोय. तिथे ते शब्द पटतात. गीतेत तेच शब्द ऐकणाऱ्याच्या समोर आजोबा उभे आहेत, गुरू उभे आहेत, आणि त्याने धनुष्य उचलावं म्हणून ते सांगितले जातायत. शरीर मारलं तरी आत्मा मरत नाही, म्हणून मार.

भाष्यं वाचली, प्रवचनं ऐकली. यमावर माझा विश्वास बसतो. रथावरच्या त्या सांगण्यावर अजून बसलेला नाही.