रूप पाहता लोचनी, आणि अलाबामाचे आंधळे गवई

रविवार, रात्री साडेअकरा

आज दिवसभर एकच अल्बम ऐकला, सकाळी भांडी घासताना, दुपारी पडल्या पडल्या, आणि आत्ता परत हेडफोन लावून. ब्लाइंड बॉइज ऑफ अलाबामा या अमेरिकन गाणाऱ्यांचा 'स्पिरिट ऑफ द सेंच्युरी', 2001 चा. मी या माणसांपर्यंत आलो ते एका सिरीयलमुळे, 'द वायर'च्या पहिल्या सीझनच्या टायटलला जो खरखरीत आवाज आहे ना तो यांचाच, गाणं मूळ टॉम वेट्सचं. तेव्हा वाटलेलं कुणीतरी ब्लूज, म्हणजे काळ्या अमेरिकनांची दुःखाची गाणी, गाणारा म्हातारा असेल. मग कळलं की ही चर्चमध्ये गाणारी मंडळी आहेत, जन्मभर देवाचंच गायलेली, आणि डोळ्यांनी अधू.

अलाबामातल्या टॅलाडेगा गावात अंध मुलांची शाळा होती, काळ्या मुलांची वेगळी कारण तेव्हा सगळंच वेगळं होतं. तिथली पोरं 1939 च्या सुमारास एकत्र गायला लागली आणि 1944 ला शाळा सोडून सरळ गाण्यावर पोट भरायला बाहेर पडली. त्यांच्यातला क्लॅरेन्स फाउंटन तेव्हा चौदा-पंधरा वर्षांचा!! पुढं 1950 च्या दशकात सॅम कुक नावाचा गायक गॉस्पेल, म्हणजे चर्चमधलं भक्तिसंगीत, सोडून पॉपकडे गेला, तो आणि हे एकाच कंपनीत, स्पेशल्टीमध्ये रेकॉर्डिंग करायचे, आणि तिकडे पैसा होता नाव होतं, पण हे गेले नाहीत. चर्चमधल्या लोकांना ब्लूज म्हणजे सैतानाचं गाणं वाटायचं हे लक्षात घ्या. आणि तीच माणसं सत्तरीला आल्यावर ब्लूजवाल्यांच्या मधोमध बसून गातायत. निर्माता जॉन चेल्यूनं माणसं पण काय जमवली, जॉन हॅमंडची गिटार, चार्ली मसलव्हाइटची हार्मोनिका, डेव्हिड लिंडली, डॅनी थॉम्पसनचा डबल बास, मायकल जेरोमचे ड्रम्स. रॉकमधनं, ब्लूजमधनं, इंग्लंडच्या लोकसंगीतातनं आलेले सगळे, पण कुणी म्हाताऱ्यांच्या पुढं जात नाही. आमच्याकडे चांगला पखवाजवाला बुवांच्या श्वासाकडे बघून वाजवतो तसं.

मला लिहायचंय ते खरं 'अमेझिंग ग्रेस'बद्दल.

हे गाणं जगात सगळ्यांना माहितीय, शब्द जॉन न्यूटनचे, जो आधी गुलामांच्या जहाजावर कप्तान होता आणि नंतर पाद्री झाला, 1779 मध्ये ते छापलं गेलं. आपण ऐकतो ती चाल त्याला खूप नंतर, 1835 साली अमेरिकेत लागली. म्हणजे शब्द आणि चाल मुळात एकमेकांचे नव्हतेच. या अल्बमवर त्यांनी ती ओळखीची चाल काढून टाकलीय आणि शब्द बसवलेत 'हाउस ऑफ द रायझिंग सन'च्या चालीवर, म्हणजे न्यू ऑर्लिन्समधल्या त्या घरावरचं गाणं जिथं जाऊन माणसं आयुष्याची माती करून घेतात, अ‍ॅनिमल्स या बँडनं 1964 ला जे जगभर पोचवलं ते. देवाच्या कृपेचे शब्द आणि खाली बरबादीची चाल. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी बसमध्ये होतो आणि माझा स्टॉप गेला.

गेल्या महिन्यात गावी गेलो तेव्हा आबांना ऐकवलं. आबा म्हणजे माझे आजोबा, काचबिंदूनं दोन्ही डोळे गेले त्याला आता नऊ वर्षं होतील, पण एकादशीचं भजन चुकत नाही, कुणीतरी हाताला धरून देवळात नेतं आणि एकदा का गळ्यात टाळ आले की मग त्यांना कुणाची गरज लागत नाही. मी आधी नेहमीचं 'अमेझिंग ग्रेस' लावलं, मग हे. इंग्रजी त्यांना कळत नाही. पण म्हणाले, "शब्द तेच हायत की रं, चाल बदलली."

मग मी म्हटलं आबा हे बसतं कसं, तर त्यांनी परत लावायला सांगितलं आणि बोटांच्या पेरांवर ओळीतली अक्षरं मोजायला लागले. आठ, सहा, आठ, सहा. दुसऱ्या गाण्याचं पण तेच, आठ, सहा, आठ, सहा. खूश झाले एकदम. कारण ही त्यांची आयुष्यभराची विद्या आहे, मोठ्या अभंगाचं माप सहा सहा सहा चार, त्यामुळं एका अभंगाची चाल दुसऱ्याला घालता येते, आणि आमच्या मंडळात यावरनं भांडणं पण झालीत, कुणी सिनेमाच्या गाण्यावर अभंग बसवला की जुनी माणसं उठून जायची. आबा मात्र उठायचे नाहीत. म्हणायचे, चाल काय, भाड्याचं घर हाय, अभंग राहतो तवर त्याचं.

गाणं संपल्यावर जरा वेळानं म्हणाले, "चाल रडकी हाय. पर गाणारा रडत न्हाई."

मी तेव्हा त्यांना एक गोष्ट सांगितली नव्हती की हे गाणारे म्हातारे आंधळे आहेत. ती सांगितली, आणि त्या गाण्यातल्या ओळीचा अर्थ पण सांगितला, की आधी मी आंधळा होतो, आता मला दिसतंय. आबा काहीच बोलले नाहीत. तंबाखूची पिशवी चाचपली, परत ठेवली.

मला त्या क्षणी आठवलं की आपलं भजन सुरू होतं तेच मुळी रूपाच्या अभंगानं. रूप पाहता लोचनी, सुख जाले वो साजणी. दर एकादशीला, गेली नऊ वर्षं, हा माणूस पहिला शब्द काय उचलतो तर रूप, आणि पुढं लोचनी. लहानपणापासून मी त्यांच्या मागे बसून धृपद धरलंय आणि माझ्या एकदाही डोक्यात आलं नव्हतं. याची मला आज पण लाज वाटतेय.

आणि हे अल्बमभर आहे, एकदा लक्षात आलं की मग सगळीकडेच ऐकू येतं. 'नोबडीज फॉल्ट बट माइन' घ्या, हे ब्लाइंड विली जॉन्सननं 1927 मध्ये डॅलसला रेकॉर्ड केलेलं, तो पण आंधळा, आणि गाणं कशाबद्दल, तर बायबल वाचलं नाही आणि आत्मा बुडाला तर दोष माझाच, दुसऱ्या कुणाचा नाही. ज्याला वाचता येत नाही तो वाचनाची जबाबदारी स्वतःवर घेतोय. रोलिंग स्टोन्सचं 1972 मधलं एक गाणं यात आहे, त्यात मागणं एवढंच की देवाचं तोंड बघायचंय. स्टोन्सनी गायलं तेव्हा ती एक गूढ धुरकट गंमतीची चीज वाटते मला, आणि या म्हाताऱ्यांच्या तोंडी तीच सरळ मागणी होते, जशी पंढरीच्या बारीतला माणूस करतो तशी.

बाकी सगळीच गाणी तेवढी लागत नाहीत मला, एकदोन मी पुढं ढकलतो. पण त्या वर्षीचा पारंपरिक गॉस्पेलचा ग्रॅमी यांना मिळाला, पहिलाच, गायला लागून साठेक वर्षं झाल्यावर, याचा मला का कोण जाणे पण स्वतःला मिळाल्यासारखा आनंद होतो.

संध्याकाळी फोन केला तर आबांनी आपणहून विचारलं, "ती आठ-सहाची चाल परत लाव बघू." फोन स्पीकरजवळ धरला. दुसऱ्या कडव्यापासनं पलीकडून टाळांचा आवाज यायला लागला, आधी हळू, चाचपडत, मग बरोबर समेवर. आजीनं विचारलं कोण गातंय, तर म्हणाले, "आमच्यातलीच हायती, लांबची."

परवा एकादशी आहे. रजा टाकलीय, पहाटेच्या एसटीनं जाणार.