केबल आणि वायफायचं बिल कमी करताना: माझा अनुभव

केबलवाल्याला "पॅक स्वस्तातला दे" म्हटलं की तो दुसरा पॅक लावून देतो आणि वर्षभरात बिल पुन्हा जिथल्या तिथे येतं. म्हणून मी पॅकचं नावच काढलं नाही. आधी बिल फोडलं. टीव्हीच्या बिलात मुख्य तीन गोष्टी असतात: एनसीएफ म्हणजे कनेक्शनचं मासिक भाडं, पे-चॅनेलचे पैसे, आणि दोन्हींवर १८ टक्के जीएसटी.

एनसीएफचा इतिहास माहीत असला की केबलवाल्याशी बोलणं सोपं जातं. फेब्रुवारी २०१९ पासून ट्रायची (दूरसंचार नियामक संस्थेची) नवी दरपद्धत लागू झाली, तेव्हा १०० वाहिन्यांपर्यंत कमाल १३० रुपये ठरले. करासह १५३ रुपये ४० पैसे. २०२० मध्ये त्याच १३० रुपयांत २०० वाहिन्या आल्या. जुलै २०२४ मध्ये ट्रायने ही कमाल मर्यादाच काढून टाकली. त्यामुळे "सरकारी रेट १३० आहे" हा वाद आता टिकत नाही. मात्र ऑपरेटरला आपला दर जाहीर करावा लागतो. तो वेबसाइटवरून काढायचा आणि आपल्याला तेवढाच लावलाय का, ते बघायचं.

इथे एक गैरसमज हमखास आढळतो. लोक बसून नको ते फ्री चॅनेल काढतात. एनसीएफ ठरावीक वाहिन्यांच्या टप्प्यावर असतो. त्या टप्प्याच्या आत दीडशे ठेवा नाहीतर ऐंशी, एक रुपयाही वाचत नाही. पैसे जातात ते पे-चॅनेलमध्ये आणि दुसऱ्या टीव्हीत.

आपल्या बॉक्सवर नक्की काय चालू आहे, हे कळायला बॉक्सच्या मागच्या स्टिकरवरचा एसटीबी (सेट-टॉप बॉक्सचा) नंबर आणि व्हीसी (व्ह्यूइंग कार्डचा) नंबर लिहून घेतला. केबल कंपनीच्या ॲपवर किंवा साइटवर त्यावरून पूर्ण यादी दिसते. पण लॉगिन करताना ओटीपी येत नसेल तर कारण बहुधा एकच असतं: जोडणी देताना केबलवाल्याने स्वतःचाच मोबाइल नंबर टाकलेला असतो. तो बदलून घेणं हे पहिलं काम. त्याशिवाय पॅक बदलल्याचा मेसेजही आपल्याला येत नाही.

यादी हातात आली की दोन गोष्टी आधी शोधायच्या. एकाच वाहिनीचे एसडी आणि एचडी दोन्ही चालू आहेत का? आणि मागच्या आयपीएलला घेतलेले स्पोर्ट्स चॅनेल अजून सुरू आहेत का? दोन्ही सर्रास सापडतात.

मग बुके. प्रसारक आपल्या वाहिन्या सुट्या विकतो तशाच गठ्ठ्यातही विकतो. १९ रुपयांपेक्षा जास्त एमआरपी असलेली वाहिनी बुकेत घालता येत नाही, आणि सुट्या किमतींच्या बेरजेवर बुकेची सूट ४५ टक्क्यांपर्यंतच देता येते. हिशेब असा करायचा. समजा एका बुकेत सहा वाहिन्या आहेत आणि त्यांची सुटी बेरीज ६० रुपये आहे. पूर्ण सूट धरली तर बुके ३३ रुपयांना पडतो. त्यातल्या १९-१९ रुपयांच्या दोन वाहिन्या घरात रोज लागत असतील तर सुट्या घेऊन ३८ होतात. मग बुकेच घ्यावा, उरलेल्या चार फुकट आल्या असं समजावं. पण एकच लागत असेल तर १९ रुपयांत काम होतं आणि १४ रुपये वाचतात. प्रत्येक बुकेला हा हिशेब वेगळा लावायचा. मराठी प्रेक्षकाच्या घरी बहुतेक वेळा एका प्रसारकाचा बुके परवडतो आणि बाकीच्यांचं एकेक चॅनेल सुटं घेणं स्वस्त पडतं. "सगळं सुटं घ्या" हा सल्ला माझ्या मते आळशीपणाचा आहे, आणि "कॉम्बोच घ्या" हा केबलवाल्याच्या सोयीचा.

बदल सांगायची वेळही महत्त्वाची. रिचार्ज संपायच्या दोन-तीन दिवस आधी, व्हॉट्सॲपवर लेखी, वाहिन्यांची नावं आणि एसटीबी नंबर घालून सांगायचं. तोंडी सांगितलं की जुना पॅक आपोआप पुन्हा लागतो आणि "आता पुढच्या महिन्यात बघू" ऐकावं लागतं. बदल झाल्यावर ॲपवर पुन्हा यादी बघायचीच, कारण नवीन लावताना जुनं काढायचं राहून जातं.

दुसऱ्या टीव्हीसाठी २०२० च्या नियमात एनसीएफ पहिल्याच्या ४० टक्क्यांच्या आत होता. आता दर ऑपरेटरवर असल्याने विचारूनच ठरवावं. दुसऱ्या बॉक्सवर पहिल्यासारखाच पॅक हवा असा नियम नाही. आतल्या खोलीत फक्त बातम्या आणि एक मालिकांची वाहिनी पुरत असेल तर तेवढंच लावून घ्यावं.

दुसऱ्या टीव्हीला माझी पसंती डीडी फ्री डिशला, म्हणजे दूरदर्शनच्या मोफत उपग्रह सेवेला. मासिक वर्गणी शून्य. छत्री, एलएनबी (छत्रीच्या दांड्यावरचा सिग्नल पकडणारा भाग), बॉक्स आणि वायर मिळून एकदाच दीड ते अडीच हजारांचा खर्च. उपग्रह जीसॅट-१५, ९३.५ अंश पूर्वेला. पुण्या-मुंबईकडून छत्रीचं तोंड आग्नेयेला येतं आणि उपग्रह क्षितिजापासून साठ अंशांच्या थोडा खाली असतो, म्हणजे समोरची इमारत बऱ्यापैकी उंच असली तरी चालतं. पण बाल्कनी वायव्येला असेल तर गच्चीशिवाय इलाज नाही. साधी छत्री दिसते त्यापेक्षा वर बघत असते, म्हणून ती अपेक्षेपेक्षा उभी दिसली तरी चुकली असं समजू नये. वायर आरजी-६ प्रकारची (टीव्हीची जाड गोल केबल) हवी. पावसाळ्यात सिग्नल गेला की आधी एलएनबीच्या एफ-कनेक्टरमध्ये (वायर फिरवून बसवतात त्या जोडात) पाणी शिरलंय का बघा. वायरला खाली वळसा देऊन सेल्फ-फ्यूजिंग (स्वतःलाच चिकटून एकजीव होणारी) टेप गुंडाळली की तो त्रास जवळपास संपतो. काही नव्या टीव्हीत सॅटेलाइट ट्यूनर आतच असतो, तिथे बॉक्सही लागत नाही. अडचण एकच: सह्याद्री मिळते, पण घरात ज्या मालिकांवरून रिमोटची ओढाताण होते त्या मोठ्या पे-वाहिन्या इथे नसतात. खासगी वाहिन्या लिलावातून येतात, त्यामुळे यादी बदलत राहते.

घरात चांगलं वायफाय असेल तर केबल ठेवायची का, हा प्रश्न येतोच. स्टार प्रवाह आणि कलर्स मराठीच्या मालिका जिओहॉटस्टारवर, झी मराठीच्या झी५ वर, सोनी मराठीच्या सोनीलिव्हवर. तिन्ही वेगवेगळे घेतले तर केबलपेक्षा स्वस्त पडेलच असं नाही. ब्रॉडबँडच्या प्लॅनमध्ये "ओटीटी फ्री" लिहिलेलं असतं तिथे एकच विचारायचं: टीव्हीवर चालतं की फक्त मोबाइलवर? मोबाइलपुरती वर्गणी टीव्हीवर चालत नाही आणि मग वरचे पैसे भरावे लागतात.

आता इंटरनेट. जाहिरातीतला आकडा कर सोडून असतो. ३९९ चा प्लॅन हातात ४७०.८२ ला पडतो. वेगाचा अंदाज खाली आणणं हीच खरी बचत. एचडी व्हिडिओला साधारण ५ एमबीपीएस पुरतात, फोर-केला १५. चार जणांच्या घरात दोन टीव्ही, एक ऑफिसची मीटिंग आणि मोबाइल धरले तरी ४०-५० एमबीपीएस बहुतेकांना पुरतात. तरी व्हिडिओ अडकतो आणि लोक २०० एमबीपीएसचा प्लॅन घेतात. त्याआधी एक तपासणी करावी: लॅपटॉप लॅन केबलने थेट राउटरला जोडून स्पीड टेस्ट घ्यायची. वायरवर पूर्ण वेग आला तर प्लॅनचा दोष नाही, वायफायचा आहे. राउटर दाराजवळच्या मीटरच्या कपाटात कोंबलेला असतो, किंवा फोन वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यावर अडकलेला असतो, जिथे शेजारच्या दहा घरांचीही गर्दी असते. ५ गिगाहर्ट्झला जोडा, राउटर उघड्यावर आणा, टीव्हीला कॅट-६ लॅन केबल टाका. पंधरा मीटर केबलचा खर्च एकदाच होतो. आणखी एक पेच: राउटरचा पोर्ट १०/१०० चा (म्हणजे कमाल १०० एमबीपीएसचा) असेल तर वायरवर ९४-९५ एमबीपीएसच्या वर वेग येतच नाही, १५० एमबीपीएसचा प्लॅन घेऊन १०० चाच मिळतो.

सहा महिने किंवा वर्षाचा प्लॅन एकदम भरला तर एखादा महिना जास्त मिळतो. मोठ्या कंपनीकडे ठीक आहे. गल्लीतल्या छोट्या पुरवठादाराकडे मी तीन महिन्यांच्या पुढे जात नाही, कारण सेवा बिघडली तर उरलेले पैसे परत मिळवणं जिकिरीचं असतं.

कनेक्शन सोडताना कंपनीला ईमेल करायचा, राउटर, अडॅप्टर आणि पॅचकॉर्ड (राउटरला जोडायची छोटी वायर) परत दिल्याची पावती घ्यायची आणि त्यावर सीरियल नंबर लिहून घ्यायचा. पावतीशिवाय डिपॉझिट अडकतं, आणि वर "राउटर जमा नाही" म्हणून वसुलीचे फोन सुरू होतात. तक्रार कस्टमर केअरला करून डॉकेट नंबर (तक्रार क्रमांक) घ्यायचा, उत्तर समाधानकारक नसेल तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे, आणि तिथेही अडलं तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर. डॉकेट नंबर हाताशी असला की पुढचे दोन्ही टप्पे सोपे जातात.