कार्यक्रमांसाठीचा सार्वजनिक पैसा कोणाच्या हातून यावा?

देशात किंवा प्रदेशात तयार होणाऱ्या कार्यक्रमांना सार्वजनिक निधीतून मदत द्यावी का, यावरची चर्चा बहुधा संस्कृती आणि अस्मिता या मोठ्या शब्दांपासून सुरू होते. मला ती हिशेबापासून सुरू करणे अधिक योग्य वाटते. तासाभराचे नाट्य चित्रित करण्याचा खर्च प्रेक्षक किती आहेत यावर फारसा अवलंबून नसतो. कलावंत, तंत्रज्ञ, प्रकाशयोजना, संकलन हे सारे पन्नास लाख प्रेक्षकांसाठीही लागते आणि तीस कोटींसाठीही. मोठ्या बाजारपेठेतला निर्माता हा खर्च घरच्या घरी वसूल करतो आणि मग तोच कार्यक्रम परदेशी वाहिन्यांना त्यांच्या ऐपतीप्रमाणे, मूळ खर्चाच्या अगदी लहान अंशाने विकू शकतो. त्यामुळे छोट्या देशातल्या वाहिनीपुढे आयात स्वस्त आणि निर्मिती महाग हा पेच कायमचा असतो. बातम्या, गप्पा आणि प्रश्नमंजूषा कमी खर्चात होतात म्हणून टिकतात. नाटके, माहितीपट आणि मुलांचे कार्यक्रम मात्र सर्वांत आधी गळतात, आणि यात वाहिनीच्या व्यवस्थापकाला दोष देण्यात अर्थ नाही.

म्हणून निधी हवा, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. खरा वाद तो कोणत्या मार्गाने यावा आणि वाटण्याचा निर्णय कोणी घ्यावा, याचा आहे.

सर्वांत जुना मार्ग परवाना शुल्काचा. ब्रिटनमध्ये 1922 साली नभोवाणी संच बाळगण्यासाठी 10 शिलिंग शुल्क सुरू झाले. आज दूरचित्रवाणीसाठीचे ते शुल्क बीबीसीचा मुख्य आधार आहे. या पद्धतीचा मोठा गुण असा की पैसा दरवर्षीच्या अर्थसंकल्पाच्या ओढाताणीतून बऱ्याच अंशी सुटतो. दोषही तितकाच उघड आहे: श्रीमंत आणि गरीब घराला रक्कम एकच. फिनलंडने 2013 पासून परवान्याऐवजी उत्पन्नाशी जोडलेला कर आणला, तर जर्मनीने त्याच वर्षी घरात संच असो वा नसो, प्रत्येक घरामागे वर्गणी लागू केली. फ्रान्सने 2022 मध्ये 138 युरोंचे वार्षिक शुल्क रद्द केले आणि मूल्यवर्धित कराच्या उत्पन्नातील काही हिस्सा सार्वजनिक प्रसारणाकडे वळवला.

यांपैकी जर्मनीचे उदाहरण मला विशेष बोलके वाटते. तिथे वर्गणी किती असावी याची शिफारस एक स्वतंत्र आयोग करतो आणि सर्व राज्यांनी तिला मान्यता द्यावी लागते. मासिक वर्गणी 17.50 युरोंवरून 18.36 युरो करण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा साक्सोनी-आनहाल्ट या एकाच राज्याने 2020 च्या अखेरीस तो अडवून धरला. प्रसारणसंस्था घटनात्मक न्यायालयात गेल्या आणि न्यायालयाने ऑगस्ट 2021 मध्ये ती वाढ लागू केली. वाढ महिन्याला 86 सेंटची, पण प्रश्न असा होता की प्रसारणस्वातंत्र्याला पुरेशा पैशाची हमी लागते की नाही. न्यायालयाचे उत्तर होकारार्थी होते आणि मला ते पटते. कारण कार्यक्रमांना हात न लावता निधी आवळणे हा त्यांना शिस्त लावण्याचा सर्वांत सोपा आणि सर्वांत सभ्य दिसणारा मार्ग आहे.

याच्या उलट टोकाला अमेरिका आहे. 1967 च्या कायद्याने तिथे सार्वजनिक प्रसारण महामंडळ स्थापन झाले आणि राजकीय दबाव पोहोचू नये म्हणून त्याचा निधी दोन वर्षे आगाऊ मंजूर करण्याची प्रथा पडली. ती भिंत पुरली नाही. जुलै 2025 मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, आधीच मंजूर केलेले सुमारे 1.1 अब्ज डॉलर परत घेतले आणि पुढच्याच महिन्यात महामंडळाने काम आवरते घेण्याची घोषणा केली. या पैशाचा मोठा भाग थेट स्थानिक केंद्रांकडे जात असे. मोठ्या शहरातील केंद्राला देणगीदार मिळतात. विरळ वस्तीच्या भागातील नभोवाणी केंद्राला ते कोठून मिळणार?

न्यूझीलंडने 1989 मध्ये वेगळाच विचार केला. प्रसारणसंस्थेला पैसा न देता तो कार्यक्रमाला द्यायचा, आणि त्यासाठी ‘एनझेड ऑन एअर’ हे स्वतंत्र मंडळ नेमायचे. निर्मात्याने कल्पना मांडायची, ती दाखवण्याची तयारी एखाद्या वाहिनीने दर्शवायची आणि मग मंडळाने निधी द्यायचा, असा साधारण क्रम असतो. यामुळे खासगी वाहिनीवरचा कार्यक्रमही पात्र ठरतो आणि कोणत्याही एका संस्थेची मक्तेदारी तयार होत नाही. पुढे तेथील मूळ रहिवाशांच्या माओरी भाषेतील कार्यक्रमांसाठी ‘ते मांगाइ पाहो’ हे निराळे मंडळ आले. सुरुवातीला खर्च प्रत्येक घराच्या शुल्कातून निघत असे. 2000 साली ते शुल्क बंद झाले आणि पैसा सरकारी तिजोरीतून येऊ लागला. मतदारांना हे आवडले असणार, पण मंडळाची झोळी त्या दिवसापासून मंत्रिमंडळाच्या दारात आली.

या पद्धतीची एक खोच सहसा दुर्लक्षित राहते. वाहिनीची संमती ही पूर्वअट असेल, तर अंतिम नकाराधिकार व्यापारी विचाराकडेच राहतो. जो कार्यक्रम कोणीच दाखवणार नाही त्याला निधी नाही, आणि निधीची गरज तर नेमकी त्यालाच असते. ब्रिटनमधील मुलांच्या कार्यक्रमांची कथा याच वळणाची आहे. 2003 च्या कायद्याने व्यापारी वाहिन्यांवरील मुलांच्या कार्यक्रमांचे बंधन सैल झाले, काही वर्षांत मुलांसमोर अपायकारक खाद्यपदार्थांच्या जाहिराती करण्यावर निर्बंध आले, आणि या वाहिन्यांचा त्यावरील खर्च घसरत गेला. मग 2019 मध्ये न वापरलेल्या परवाना शुल्कातून तीन वर्षांचा प्रायोगिक निधी उभा राहिला. तो निर्मितीचा निम्म्यापर्यंत खर्च उचलत असे आणि कार्यक्रम विनामूल्य दिसला पाहिजे अशी अट घालत असे. काम चांगले सुरू असताना 2022 मध्ये तो बंद केला गेला. प्रयोगाचा निष्कर्ष चांगला येऊनही प्रयोगच संपवायचा, हे धोरण मला आजही उमगलेले नाही.

‘स्थानिक’ कशाला म्हणायचे हेही ठरवावे लागते. कॅनडात त्यासाठी 10 गुणांची पट्टी आहे: दिग्दर्शक आणि लेखक यांना प्रत्येकी 2, प्रमुख कलावंत, संगीतकार, संकलक इत्यादींना प्रत्येकी 1, आणि कर सवलतीसाठी किमान 6 गुण. मोजायला सोपी, म्हणून प्रशासनाला प्रिय. परंतु ती फक्त माणसांची नागरिकता मोजते. कथा कोणत्या भूमीतली आहे, हे तिला दिसत नाही.

भाषा हा निकष याहून बळकट ठरतो, असे ब्रिटनमधील वेल्सच्या अनुभवावरून वाटते. वेल्श भाषेच्या वाहिनीचे आश्वासन सरकारने मागे घेतले, तेव्हा 1980 मध्ये वेल्श राष्ट्रवादी नेते ग्विन्फोर एव्हान्स यांनी आमरण उपोषणाचा इशारा दिला. सरकार नमले आणि 1 नोव्हेंबर 1982 रोजी ‘एसफोरसी’ सुरू झाली. ही वाहिनी बहुतेक कार्यक्रम स्वतंत्र निर्मात्यांकडून करून घेते, त्यामुळे कारनार्व्हनसारख्या लहान गावातही निर्मितिसंस्था उभ्या राहिल्या. मात्र महागाईशी जोडलेल्या निधीची कायदेशीर हमी 2010 नंतर काढून घेण्यात आली, आणि 2022 पासून वाहिनी पूर्णपणे परवाना शुल्कावर अवलंबून आहे. कोणी शुल्क हटवण्याची भाषा केली की वेल्श भाषेच्या वाहिनीचे भवितव्यही आपोआप टांगणीला लागते.

आता प्रेक्षक परदेशी स्ट्रीमिंग सेवांकडे वळले आहेत. कॅनडाच्या नियामकाने 2024 मध्ये मोठ्या सेवांनी तेथील उत्पन्नाच्या 5 टक्के रक्कम स्थानिक आशयासाठी द्यावी असा आदेश काढला आणि प्रकरण न्यायालयात गेले. मार्ग मला योग्य वाटतो, पण एक अट जोडावीशी वाटते. सार्वजनिक पैशातून तयार झालेला कार्यक्रम दोन-चार वर्षांनी हक्कांच्या गुंत्यात अडकून दिसेनासा होतो, आणि ज्यांनी पैसे भरले त्यांनाच तो पुन्हा पाहता येत नाही. न्यूझीलंडने 2008 पासून ‘एनझेड ऑन स्क्रीन’ या संकेतस्थळावर जुने कार्यक्रम विनामूल्य दाखवण्यास सुरुवात केली, तीही ‘एनझेड ऑन एअर’ मंडळाच्याच निधीतून. हक्कांची ही बोलणी चित्रीकरणानंतर करू गेल्यास महाग पडतात. निधीच्या पहिल्या करारातच ठराविक मुदतीनंतर कार्यक्रम सर्वांसाठी खुला करण्याचे कलम घालणे हा त्यावरचा स्वस्त उपाय आहे, आणि निधी देणाऱ्या मंडळाला तो घालण्यासाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही.