त्रास काही नाही, मग कोलोनोस्कोपी कशाला?

दादाला 44व्या वर्षी मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन, केमो सगळं झालं, आता बरा आहे. मग मी माझी कोलोनोस्कोपी, म्हणजे मागून कॅमेऱ्याची नळी घालून मोठं आतडं आतून बघायची तपासणी, करून घ्यायला निघाले आणि लक्षात आलं की टेस्टपेक्षा डॉक्टरांना पटवणंच अवघड आहे.

आमचे फॅमिली डॉक्टर, मला लहानपणापासून बघतायत, त्यांचा पहिला प्रश्न, "तुला त्रास काय होतोय?" काहीच नाही म्हटल्यावर, "मग कशाला उगाच, पन्नाशीनंतर बघू." दुसऱ्या एका फिजिशियननी सीईए नावाची रक्ताची टेस्ट आणि स्टूल टेस्ट लिहून दिली, दोन्ही नॉर्मल आल्या, म्हणाले निश्चिंत राहा. मी कसली निश्चिंत राहतेय! शेवटी गॅस्ट्रोच्या मॅडमकडे गेले तेव्हा कळलं की सीईए मुख्यतः कॅन्सर झालेल्यांच्या फॉलोअपसाठी असते, आणि स्टूल टेस्ट साधारण रिस्कवाल्यांना चालते, सख्ख्या भावाला इतक्या लवकर झालाय तिथे तेवढ्यावर भागत नाही. सख्ख्या नात्यात ज्याला सगळ्यात लहान वयात झाला त्याच्या वयातून 10 वजा करायचे, किंवा 40, जे आधी येईल तिथून कोलोनोस्कोपी सुरू. माझं 34 येत होतं आणि मी 37ची.

डॉक्टरांना सगळा दोष देत नाहीये मी. आपल्याकडे सरकारी स्क्रीनिंग तिशीनंतर तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख एवढ्याचंच, मोठ्या आतड्याचं नाहीच, आणि ओपीडीत दिवसभर मूळव्याध नि गॅसेस. पण "घरात कुणाला झालाय का, कितव्या वर्षी?" हे विचारायला असा किती वेळ लागतो?

मॅडमनी कागदावर घरातली सगळी माणसं काढली, पुरुष चौकोन, बायका गोल. बोलता बोलता मी आत्याचं सांगितलं, तिला पंचेचाळिशीत गर्भाशयाचा कॅन्सर झाला होता, तर त्यांनी तो गोल लगेच काळा केला, म्हणजे कॅन्सर झालेलं माणूस. एकाच घरात आतडं आणि गर्भाशय म्हणजे लिंच सिंड्रोम, म्हणजे असे कॅन्सर होण्याचा धोका वाढवणारा घराण्यातून येणारा जीनचा बिघाड, असू शकतो, आणि बाबांना स्वतःला काही झालं नसलं तरी तो जीन त्यांच्याकडून आमच्यात येऊ शकतो म्हणे.

मग दादाच्या ऑपरेशनचा ब्लॉक शोधायची धावपळ. ब्लॉक म्हणजे गाठीचा तुकडा मेणात बसवून ठेवलेला, छोट्याशा प्लास्टिकच्या डबीवर, कडेला नंबर. लॅबने जपून ठेवला होता हे नशीब. त्यावर आयएचसी, म्हणजे गाठीत कुठली प्रोटीन आहेत नि कुठली नाहीत ते बघायची टेस्ट, केली, तर डीएनएतल्या चुका दुरुस्त करणारी एमएसएच2 आणि एमएसएच6 ही दोन प्रोटीन गायब. मग दादाच्या रक्ताची जेनेटिक टेस्ट, त्यात एमएसएच2च्या जीनमध्येच बिघाड सापडला, नंतर माझी फक्त तेवढ्याच बिघाडासाठी, आणि मीही पॉझिटिव्ह.

कोलोनोस्कोपीचं म्हणाल तर त्या वेळी झोपेचं इंजेक्शन असतं, काही कळत नाही, खरी परीक्षा आदल्या दिवशी. ती पावडर लिटर-लिटर पाण्यात, चव खारट लिंबू सरबतासारखी, ग्लासावर ग्लास, बाथरूमच्या दाराशीच मुक्काम आणि शेवटी नुसतं पिवळं स्वच्छ पाणी येईपर्यंत सुटका नाही. एक छोटा पॉलिप, म्हणजे आतड्याच्या आतल्या अस्तरावरची गाठ, निघाला, तिथल्या तिथे काढला, रिपोर्टमध्ये अ‍ॅडेनोमा, म्हणजे पुढे कॅन्सर होऊ शकतो अशातला. आता दर वर्षी कोलोनोस्कोपी, शिवाय गर्भाशयाचंही बघायचंय.

दादाची मुलगी 22ची आहे. लिंच असेल तर 20 ते 25 मध्येच तपासणी सुरू करतात, म्हणून तिचीही जेनेटिक टेस्ट करून घ्या असं मी मागे लागलेय. वहिनी म्हणतात लग्नाआधी हे कशाला कागदावर आणायचं. अजून भांडतोय आम्ही.