हातोडी घेऊन चढणारा माणूस

मला एक खूळ लागलंय, लाकडी रोलर कोस्टरचं. बसायचं नाही हो, लातुरात बसायला आहे कुठं, नुसतं बघायचं. रात्री भांडीकुंडी आवरली की मोबाईल घेऊन पडायचं आणि पहिल्या सीटवर कॅमेरा लावून काढलेले ते व्हिडिओ लावायचे. वर चढताना खट खट खट असा आवाज येत राहतो (साखळी तुटली तर गाडी मागं घसरू नये म्हणून खाली दात्यांची पट्टी असते, तिच्यावर खुंटी आपटत जाते तो हा आवाज), टोकावर क्षणभर सगळं गप्प आणि मग धाडदिशी खाली. लोखंडी कोस्टर मला तेवढे भावत नाहीत. खोपोलीच्या इमॅजिकात नायट्रोवर बसलेय मी, भीती वाटली, ओरडलेसुद्धा, पण उतरल्यावर ती राईड अंगात कुठं राहिली नाही. लाकडी कोस्टरच्या व्हिडिओत मात्र कॅमेरा असा थरथरतो की पलंगावर पडूनही पाठ ताठ होते.

आमचे मामा, म्हणजे सासरे, जन्मभर सुतारकी केलेले. औसा तालुक्यात बैलगाड्या करायचे, दारं-खिडक्या करायचे, आता गुडघे गेले म्हणून आमच्याकडं असतात. एकदा मागून येऊन बघत उभे राहिले.

"काय बगलालीस गं बाई?"

म्हटलं मामा हा झुला आहे, अमेरिकेतला, सगळा लाकडाचा.

"लाकूड कंचं?"

मी सांगितलं, बहुतेक पाईन. तर मामा म्हणाले, "पाईन? पॅकिंगच्या खोक्याचं? त्याच्यावर माणसं बसवलालेत?" आणि चष्मा आणायला गेले. तेव्हापासून आम्ही दोघं बघतो. मुलगा म्हणतो घरात एक वेडं होतं, आता दोन झाली.

मामांमुळं एक गोष्ट मला नीट कळली ती म्हणजे हे प्रकरण म्हातारं कसं होतं. लाकडी कोस्टरचा रूळ आपल्या रेल्वेसारखा अख्खा पोलादाचा नसतो. फळीवर फळी अशा सात-आठ थरांच्या फळ्या रचून, खिळे-बोल्ट मारून त्याची जाड पट्टी करतात आणि वरून चाक जिथं टेकतं तेवढ्यापुरती लोखंडाची चपटी पट्टी ठोकतात. हे ऐकल्याबरोबर मामा म्हणाले, मग गाडीच्या चाकावर धाव चढवतात तसंच की. आणि मग धाव कशी चढवायची हे मला हातवारे करून सांगितलं. चाकापेक्षा जराशी लहान लोखंडी कडी करायची, गोवऱ्यांच्या जाळात लाल होईस्तोवर तापवायची, तापून ती पसरली की चौघांनी पकडीनं उचलून चाकावर बसवायची, लाकूड पेटायच्या आत घणानं ठोकून घ्यायची आणि वरून बदाबदा पाणी. चर्र आवाज होऊन ती आवळली की सगळे आरे तुंब्यात घट्ट बसतात. पण मामा म्हणाले खरी मजा पुढं आहे, उन्हाळ्यात लाकूड सुकतं, धाव ढिली होते, मग पाचरी मारा नाहीतर चाक रात्रभर पाण्यात टाका, आणि तेवढं केलं नाही तर मिरगाच्या तोंडाला धाव एकीकडं आणि चाक एकीकडं.

कोस्टरचंही तेच. पाऊस लागला की लाकूड फुगतं, ऊन लागलं की आकसतं, बोल्ट सैल पडतात. उतार संपून गाडी जिथं वर वळते त्या खोलगट जागी सगळा भार येतो, तिथल्या फळ्या दबतात, थरांमध्ये फट पडते आणि चाक दर फेरीला त्या फटीवर आपटायला लागतं. एकदा आपटायला लागलं की दर फेरीला जास्तच आपटतं. बसणाऱ्याला एवढंच कळतं की कंबरेत ठोसा बसला. तो घरी जाऊन सांगतो की आता तो झुला पहिल्यासारखा राहिला नाही, लई आदळतो, पुढच्या वर्षी दुसरा कोणी बसत नाही, गर्दी कमी झाली की मालक दुरुस्तीवर खर्च कमी करतो, खर्च कमी झाला की अजून आदळतो. म्हातारपण म्हणतात ते हेच. लाकूड बिचारं फळीफळीनं बदलता येतं, शंभर वर्षं काढली तरी त्याला काही हरकत नसते.

म्हणून चांगल्या जागी रोज सकाळी पार्क उघडायच्या आधी माणसं अख्ख्या रुळावरून पायी चालतात, चढ चढून, उतार उतरून. हातात हातोडी, कमरेला पान्हा. ढिला बोल्ट आवळायचा, वर आलेला खिळा ठोकायचा, भेग गेलेल्या फळीवर खूण करायची. मला तो कोस्टर धावतानाच्या व्हिडिओपेक्षा हे व्हिडिओ जास्त आवडतात आता. मामा तर त्या माणसाच्या हातोडीच्या आवाजावरून सांगतात की ही फळी चांगली, ही पोकळ. मोबाईलच्या स्पीकरवरून! मी वाद घालत नाही.

इतिहास थोडक्यात सांगते कारण तो सगळीकडं मिळतो. 1884 मध्ये लामार्कस थॉम्पसन नावाच्या माणसानं न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर पाच सेंटात बसायचा झुला काढला, वेग ताशी दहा किलोमीटर, म्हणजे आमच्या गंजगोलाईतली रिक्षा. पुढं 1919 ला जॉन मिलरनं रुळाच्या खालून पकडणाऱ्या चाकाचं पेटंट घेतलं आणि गाडी उडून जायची भीती संपली, मग काय, 1920 च्या दशकात ह्यांना ऊत आला. नंतर मंदी, मग युद्ध, बरेचसे पाडले गेले. 1972 ला ओहायोत रेसर नावाचा नवा लाकडी कोस्टर झाला तेव्हा कुठं लोकांना परत आठवण आली.

कोनी आयलंडवरचा सायक्लोन 1927 चा, तो अजून चालतो. सत्तरच्या दशकात तो पाडून शेजारचं मत्स्यालय वाढवायचं घाटत होतं, लोकांनी आरडाओरड करून वाचवला. गंमत म्हणजे त्याचा सांगाडा पोलादी आहे, रूळ तेवढा लाकडाचा. हे कळल्यावर मामांचा विरस झाला, फसवलं म्हणाले. आणि 2024 च्या ऑगस्टमध्ये तो मधेच बंद पडला, चढावर अडकलेल्या लोकांना पायी उतरवावं लागलं, तेव्हा तडा कशाला गेला होता तर साखळी ओढणाऱ्या लोखंडी दातेरी चाकाला. यावर मात्र मामा दोन दिवस खुश होते.

आपल्याकडं असलं काही नाही असं मी म्हणणार होते, पण आहे की. मौत का कुआँ. आमच्या लातूरच्या सिद्धेश्वराच्या जत्रेत महाशिवरात्रीला लागायचा. फळ्याफळ्यांची ती उंच गोल विहीर, जिन्यानं वर चढून कठड्याला टेकून आत वाकून बघायचं, खाली सायलेन्सर काढलेली मोटारसायकल भुंगभुंग करत फिरायला लागली की आधी पायाखालची फळी थरथरते, मग कठडा, मग आपले दात. दोन फळ्यांमधल्या फटीतून बाहेरचा उजेड दिसतो आणि गाडी त्या फटींवरून गेली की खडखडखड असा आवाज आख्ख्या गोलात फिरतो. लोक दहाची नोट हात लांब करून धरायचे, तो येऊन उचलून न्यायचा. आई माझी ओढणी मागून धरून ठेवायची. तेव्हा वाटायचं हे हलतंय म्हणजे पडणार, आता कळतं की हललं नसतं तरच पडलं असतं, लाकडाला थोडं डोलू द्यावंच लागतं, कोस्टरचे सांगाडेसुद्धा मुद्दाम डोलतील असेच बांधतात.

आणि तो कुआँ दर जत्रेला उकलायचा, ट्रकमध्ये घालायचा, पुढच्या गावी परत उभा करायचा. माळेगावच्या जत्रेतून सुटला की इकडं, इकडून आणखी कुठं. म्हणजे प्रत्येक बोल्ट दर वेळी कुणाच्या तरी हाताखालून जायचा, तपासणी आपोआपच व्हायची. आता जत्रेत ब्रेक डान्स आहे, टोरा टोरा आहे, एलईडी लावलेले एवढाले लोखंडी पाळणे आहेत, आणि कुआँ एखाद्या वर्षी दिसतो, एखाद्या वर्षी नाही. त्याच्यासोबत तो चार पेट्यांचा लाकडी पाळणाही गेला, हातानं ढकलायचा, कुईकुई करत फिरणारा. त्याबद्दल मात्र मला फार हळहळ नाही. एक पोरगा त्याच्या दांड्यांना लोंबकळून अंगाच्या भारानं तो फिरवायचा, दिवसभर, उन्हात, ते आठवलं की गेलं ते बरंच झालं वाटतं. जुनं ते सगळंच सोनं नसतं.

परत कोस्टरकडं. मरायची ह्यांची तऱ्हा वेगवेगळी. कोनी आयलंडवरच सायक्लोनपासून जवळ थंडरबोल्ट होता, 1925 चा, त्याच्या सांगाड्याखाली चक्क एक घर होतं आणि त्यात माणसं राहायची, डोक्यावरून गाडी गेली की कपबशा वाजत असतील. 1982 ला बंद पडला, अठरा वर्षं वेली चढत राहिल्या, 2000 साली महापालिकेनं पाडला. जपानात नारा ड्रीमलँड नावाचं पार्क 2006 ला बंद झालं, त्यातला आस्का हा लाकडी कोस्टर तेव्हा जेमतेम आठ वर्षांचा. तो पुढं दहा वर्षं तसाच उभा, झाडं रुळातून वर आलेली. आठ वर्षांचं लाकूड म्हणजे मामांच्या भाषेत अजून ओलं.

ओहायोतला सन ऑफ बीस्ट मात्र हावेनं गेला. 2000 साली बांधला, 218 फूट उंच, त्यात तेव्हाच्या दुसऱ्या कुठल्या लाकडी कोस्टरला नसलेला उलटा गोल घेर. 2006 ला सांगाड्यात बिघाड होऊन गाडीला असा हिसका बसला की सत्तावीस जण जखमी झाले. घेर काढून टाकला, तरी 2009 ला बंद आणि 2012 ला जमीनदोस्त. चालला जेमतेम नऊ वर्षं. आणि त्याच पार्कात त्याचा बाप, 1979 चा बीस्ट, दोन किलोमीटरच्या वर लांब, झाडीतून पळणारा, अजून मजेत चालतोय. हे सांगितल्यावर मामा म्हणाले, "लाकडाकडून लाकडाचंच काम घ्यावं."

वाचलेल्यांचं पण सांगते. सॅन डिएगोचा जायंट डिपर 1925 चा, 1976 ला बंद पडला, पाडायचंच ठरलेलं, पण गावातल्या लोकांनी कमिटी केली, पैसे जमवायला लागले, खेटे घातले आणि 1990 ला तो परत सुरू झाला. पेनसिल्व्हेनियातला लीप द डिप्स तर 1902 चा. सगळ्यात मोठा उतार नऊ फुटांचा, वेग सायकलचा, खालून पकडणारी चाकं नाहीतच कारण तो मिलरच्या पेटंटच्या आधीचा. तोही 1985 ते 1999 बंद होता. आणि मेलबर्नला 1912 च्या झुल्यावर अजूनही गाडीच्या मधोमध ब्रेक ओढायला एक माणूस उभा असतो.

घरात भांडण लागलं ते तिसऱ्या प्रकारावरून. हल्ली म्हाताऱ्या लाकडी कोस्टरचा सांगाडा ठेवतात आणि वरचा फळ्यांचा रूळ काढून त्या जागी पोलादी रूळ बसवतात. टेक्सास जायंटचं असं 2011 ला केलं. ओहायोतला मीन स्ट्रीक, 1991 चा, लई आदळतो म्हणून बदनाम, तो 2016 ला बंद केला आणि 2018 ला स्टील व्हेंजन्स म्हणून उघडला, आता लांबून लोक त्याच्यासाठी येतात. मुलगा म्हणतो बघ आई, भारी झालाय, एकदम स्मूद, उलटासुलटापण फिरतो. मी म्हटलं मग लाकडी काय राहिलं त्यात, खांब? मला ते पटत नाही म्हणजे नाही, पंचवीस वर्षं नीट फळ्या बदलल्या असत्या तर तो पण बीस्टसारखा चालला असता.

मला वाटलं मामा माझ्या बाजूनं बोलतील. तर ते म्हणाले, "सांगाडा वाचला ना? मग? आपल्या गाड्यांना टायरची चाकं आली तवा मी काय रडत बसलाव व्हय? वरची साटी तर माझीच होती." आणि त्यात किती खांब असतील, एका खांबाला किती घनफूट लागलं असेल याचा हिशोब लाईटबिलाच्या मागं करायला लागले. मुलगा त्यांच्या बाजूला सरकला. मी आपला सायक्लोन लावला, आवाज मुद्दाम मोठा ठेवून.