मिझुरीचे सात न्यायाधीश

अमेरिकेत प्रत्येक राज्याला स्वतःचे सर्वोच्च न्यायालय असते आणि तेथील न्यायाधीश निवडण्याची रीतही राज्यागणिक बदलते. टेक्सासमध्ये न्यायाधीश चक्क पक्षाच्या तिकिटावर निवडणूक लढवतात, हे माझ्या अजूनही पचनी पडलेले नाही. त्या मानाने मिझुरीची पद्धत मला बरीच विचारपूर्वक घडवलेली वाटते.

राजधानी जेफरसन सिटी येथील मिझुरीच्या सर्वोच्च न्यायालयात सात न्यायाधीश असतात. मृत्युदंडाची अपिले, राज्याच्या महसूल कायद्यांचा अर्थ आणि कायद्यांची घटनात्मक वैधता हे विषय मधल्या अपील न्यायालयांकडे न जाता थेट त्यांच्यापुढे येतात.

पूर्वी येथेही न्यायाधीश पक्षांमार्फतच निवडून येत. राज्यातल्या कॅन्सस सिटीत टॉम पेंडरगास्ट या स्थानिक पक्षपुढाऱ्याच्या राजकीय यंत्रणेने घातलेला धुमाकूळ पाहून विटलेल्या मतदारांनी १९४० साली घटनादुरुस्ती मंजूर केली. तेव्हापासून जागा रिकामी झाली की सात जणांची समिती अर्ज मागवते. तीत वकिलांनी निवडलेले तीन वकील, गव्हर्नरांनी, म्हणजे राज्याच्या निवडून आलेल्या प्रमुखांनी, नेमलेले तीन बिगरवकील नागरिक आणि सर्वोच्च न्यायालयाचे एक न्यायाधीश असतात. समिती तीन नावे पाठवते आणि गव्हर्नरांनी साठ दिवसांत त्यांतले एक निवडले नाही, तर नेमणूक समितीच करते. यादी दाबून ठेवण्याची सोयच ठेवलेली नाही, ही तरतूद मला सर्वांत आवडते.

नेमणुकीनंतर किमान वर्षभराने येणाऱ्या सार्वत्रिक निवडणुकीत हे नाव मतदारांपुढे जाते. मतपत्रिकेवर पक्ष नसतो, प्रतिस्पर्धीही नसतो. या न्यायाधीशांना पदावर ठेवावे काय, एवढाच प्रश्न आणि त्यापुढे ‘हो’ किंवा ‘नाही’. कौल मिळाला की बारा वर्षांची मुदत, मात्र सत्तरीला निवृत्ती. हे मतदान निव्वळ उपचार आहे असे म्हणावे, तर अशाच मतदानात १९८६ साली कॅलिफोर्नियाच्या मुख्य न्यायाधीश रोझ बर्ड यांना आणि २०१० साली आयोवाच्या तीन न्यायाधीशांना घरी जावे लागले. आयोवातला राग समलिंगी विवाहाला मान्यता देणाऱ्या एका निकालावरचा होता. त्यांच्या एकूण कामगिरीचा हिशेब कोणी मांडला नव्हता.

मिझुरीच्या पद्धतीवरचा खरा आक्षेप समितीवरच आहे. तीन वकील आणि एक न्यायाधीश मिळून सातांपैकी चार जण कायद्याच्या व्यवसायातले होतात आणि त्या चौघांना सामान्य मतदाराने कधी निवडलेले नसते. हा आक्षेप मला रास्त वाटतो. तरीही पक्षाच्या तिकिटापेक्षा ही समिती मी केव्हाही पत्करेन, कारण सदस्यांच्या सहा वर्षांच्या मुदती टप्प्याटप्प्याने संपतात आणि नव्या गव्हर्नरांना सुरुवातीला तरी आधीच्यांनी नेमलेल्या नागरिकांशीच जमवून घ्यावे लागते.